दादाला भेटायला पनवेलला

पनवेलला पाहण्यासारखं काय आहे, असं परत आल्यावर बँकेतल्या सगळ्यांनी विचारलं. मी कर्नाळ्याचा सुळका सांगितला, मिठागरं सांगितली, तांदळाच्या भाकरी सांगितल्या. ज्यासाठी गेले होते ते मात्र कुणालाच सांगितलं नाही. आता सगळं पार पडून काही वर्षं झालीत आणि वहिनीच म्हणाल्या, लिहा, म्हणून लिहिते.

माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणायचे, बार्शीतला लग्नाचा आचारी होता. पोट सुटलेला, मोठ्यानं हसणारा, दिवसदिवस भट्टीपुढे उभा राहणारा. त्याला साखरेचा आजार जडला आणि मग पायाच्या अंगठ्याशी एक जखम झाली ती काही केल्या भरेना. सोलापूरच्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली काढावा लागेल असं सांगितलं. त्याच सुमारास कुणीतरी पनवेलच्या एका हॉस्पिटलचं नाव सुचवलं. तिथं रोग्याच्याच पोटावरची चरबी काढतात, चरबीत ज्या मूळ पेशी असतात त्या वेगळ्या करून वाढवतात आणि पायात टोचतात. त्यांच्या मदतीनं रक्ताला नव्या वाटा फुटतात आणि जखम भरायला लागते. हा अजून प्रयोग आहे, खात्री देत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. दादा पोटावर हात फिरवत म्हणाला होता, लोकांना जन्मभर तूप वाढून हे कमावलं, आता कामाला येतंय.

नवरात्राच्या आधी चरबी काढली, दिवाळीच्या सुमारास पहिलं इंजेक्शन झालं. त्या दोन्ही वेळेला वहिनी बरोबर होत्या, मी घरी होते. जखम खरोखरच लहान व्हायला लागली. दुसरं इंजेक्शन व्हायचं होतं, पण तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ एका लग्नाच्या मांडवात, भट्टीशेजारच्या खुर्चीवर बसल्या बसल्या दादा गेला. हृदय बंद पडलं. त्याला शेवटची अंघोळ घालताना वहिनी पायाशी होत्या. त्यांनी मला खुणेनं बोलावलं आणि अंगठा दाखवला. जखमेच्या जागी नवी कातडी आली होती, गुलाबी, तान्ह्या बाळाच्या तळपायासारखी. बाकीचं सगळं अंग निळसर पडलेलं आणि तेवढीच जागा ताजी.

दिवस नीट झाले. कावळाही लगेच शिवला. हॉस्पिटलला मीच फोन करून कळवलं. आम्हाला वाटलं, संपलं.

माघात हॉस्पिटलचा फोन आला, तो वहिनींनी घेतला. मी स्वयंपाकघरात होते. फोन ठेवून त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "वन्सं, ते बरे आहेत म्हणे. भेटायला बोलावलंय."

खंडाळ्याखाली

मी उलट फोन लावून नीट विचारून घेतलं. दुसऱ्या इंजेक्शनसाठी वाढवलेल्या दादाच्या पेशी अजून त्यांच्याकडे होत्या, गोठवून ठेवलेल्या. थोड्या बाहेर काढून तपासल्या तर चांगल्या निघाल्या. रोगीच नाही म्हटल्यावर त्यांचं काय करायचं हे घरच्यांनी येऊन सांगायचं होतं. हे सगळं मी वहिनींना समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि दादाचा एक सदरा पिशवीत घातला.

दादा-वहिनींना मूलबाळ नाही. मी लग्न केलं नाही. आमच्या घरात आता आम्ही दोघीच. वहिनींना नको म्हणणारं तिसरं कुणी नव्हतं आणि मला ते धाडस झालं नाही.

पुण्यापर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही. घाट सुरू व्हायच्या आधी गाडी जेवायला थांबली. वहिनी हातपाय धुवायला गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं. दादा गेल्यावर त्यांनी दोन्ही उतरवलं होतं. मी तेव्हा म्हटलं होतं, काढू नका, आपण हे मानत नाही. त्यांनी ऐकलं नव्हतं. आता मात्र त्यांच्या गळ्यात ते पाहून मी ताट तसंच बाजूला सारलं.  गाडी घाट उतरायला लागली, कानांना दडे बसले, आणि खिडकीतून येणारी हवा हळूहळू ओली, जड, खारट होत गेली. आमच्याकडची हवा अंगाला लागून निघून जाते. इथली हवा अंगावर बसून राहते.

सुकापूर

पनवेलच्या स्टँडबाहेर पडलं की पहिल्यांदा दिसतात ते ट्रेलर. न्हावा शेव्याच्या बंदराकडून येणारे, बंदराकडे जाणारे, प्रत्येकाच्या पाठीवर घराएवढा लोखंडी डबा. रस्ता ओलांडायला आम्हा दोघींना एका फुलवाल्यानं मदत केली. तेव्हा विमानतळ नुसता बोलण्यातच होता आणि खाडीकडचे डोंगर अजून जागेवर होते.

वहिनींनी रिक्षा सुकापूरला न्यायला सांगितली. दादाच्या उपचाराच्या वेळी त्या दोघांनी तिथं एका घरात खोली घेतली होती. घराच्या मालकीण गुलाबबाय, वयानं साठीच्या, आगरी. पूर्वी घरची शेतं आणि मिठागर होतं. शेतं गेली, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि मधोमध गुलाबबायचं कौलारू घर, पुढच्या अंगणात सुकत घातलेले बोंबील. वहिनींना बघून त्या आनंदल्या. माझी ओळख झाली. मग त्यांनी आमच्यामागे रिक्षाकडे पाहिलं.

"दादा नाय आले?"

वहिनी म्हणाल्या, "ते हॉस्पिटलात आहेत."

एवढ्या सहज म्हणाल्या की क्षणभर मलाही खरं वाटलं. गुलाबबाय म्हणाल्या, "मंग जेवाचा डबा मी देते. हास्पिटलातला भात काय कामाचा हाय?" दादा इथं राहायला असताना गुलाबबायच्या चुलीवर त्यानं सगळ्या घराला पिठलं करून घातलं होतं, ती आठवण निघाली. वहिनी हसून बोलत होत्या. मी पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत राहिले. मला माझ्या वहिनींची भीती वाटत होती.

जेवायला बसलो तेव्हा गुलाबबायनं तीन ताटं घेतली. दोन आम्हाला वाढली. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, कोलंबीचं कालवण, आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढे ही भाकरी कागदासारखी हलकी. तिसऱ्या ताटात त्यांनी सगळं वाढून वर दुसरं ताट पालथं घातलं आणि कोनाड्यात ठेवलं. दादासाठी; माणूस हॉस्पिटलात असला तरी त्याचं ताट राखायचं, म्हणाल्या. वहिनी जेवता जेवता मधूनच कोनाड्याकडे बघत होत्या, घरात उशिरा येणाऱ्या माणसाची वाट बघावी तशा.

काचेच्या पलीकडे

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलला गेलो. गुलाबबायनं डबा दिला होता. वहिनींनी तो पदराखाली धरला होता, गार होऊ नये म्हणून.

पेशींचा विभाग मागच्या इमारतीत होता. तिथल्या डॉक्टर तेजल, तिशीच्या, बारीक चणीच्या, मोठा चष्मा. फोन त्यांनीच केला होता. त्यांनी आम्हाला चपला काढायला लावल्या, दुसऱ्या सपाता दिल्या, केस टोपीत घालायला लावले, अंगावर झगे चढवले. आत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कुठल्या तरी यंत्राची एकसुरी घरघर सगळीकडे भरून होती आणि खिडकी एकही नव्हती. बाहेर ऊन आहे की अंधार, ते कळायला मार्ग नव्हता.

डॉक्टरांनी आधी एक पिंप दाखवलं. झाकण उघडताच आतून पांढरी वाफ उतू आली आणि खाली घरंगळून आमच्या पायांभोवती पसरली. नायट्रोजन, त्या म्हणाल्या, यात सगळं थांबून राहतं. मग त्यांनी भिंतीतल्या एका कपाटाकडे नेलं. थोड्या पेशी बाहेर काढून वाढवल्यात त्या इथं आहेत, आत अंगाइतकी ऊब ठेवलेली असते. वहिनींनी विचारलं, हात लावू का? डॉक्टर हो म्हणाल्या. वहिनींनी कपाटाच्या दारावर तळवा टेकवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी मी पाहिलं. मला वाटलं होतं गोल गोल ठिपके दिसतील. दिसल्या त्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, अंथरुणावर वाळत घातलेल्या शेवयांसारख्या. सगळ्या एकमेकींना लागून, एका दिशेनं वळलेल्या. माझ्या भावाच्या ओळखीचं त्यात काहीच नव्हतं. तरी मी मान वर केली तेव्हा माझ्या काखांना घाम फुटला होता.

वहिनींनी पाहिलं.  मग डॉक्टरांनी संगणकावर एक चित्रफीत लावली. पेशी गोठवण्याआधी घेतलेलं बऱ्याच तासांचं चित्रण जलद करून दाखवलेलं होतं. त्यात त्या शेवया चालत होत्या. खरोखर चालत होत्या, चाचपडत, एकमेकींना शिवून बाजूला होत. मध्येच एखादी थांबायची, आखडून गोल व्हायची, थरथरायची आणि तिच्या दोन होऊन वेगवेगळ्या वाटांनी निघून जायच्या. चित्राच्या कोपऱ्यात तारीख होती. माझं लक्ष आधी गेलं आणि मला वाटलं, वहिनींनी ती बघू नये. पण त्यांनी बघितली होती.

"त्या दिवशी आम्ही त्यांना जाळलं," वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरांचा हात माऊसवर तसाच राहिला. त्यांच्या ते ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी चित्रफीत थांबवली. पडद्यावर एक पेशी अर्धी दुभंगलेली राहिली.

"त्यांना कळलं नाही?" वहिनींनी विचारलं.

"नाही काकू. यांना कळण्याचा काही मार्गच नसतो. वेळेवर खायला मिळालं, ऊब मिळाली, की त्या जगत राहतात."

वहिनींनी विचारलं, काय खायला घालता? डॉक्टरांनी एक बाटली दाखवली. गुलाबी पाणी होतं. त्यात मीठ, साखर, वासराच्या रक्तातून काढलेलं सत्त्व, असं बरंच काही असतं, दोन-तीन दिवसांनी बदलायचं असतं.

"साखर?" वहिनींचा चेहरा बदलला. "त्यांना साखर चालत नाही."

मी हसणार होते. डॉक्टर हसल्या नाहीत. अगदी गंभीरपणे त्या म्हणाल्या, मोजून घालतो काकू, जास्त होऊ देत नाही. एवढ्याशा उत्तरासाठी मला त्या बाई फार आवडल्या.

मग त्यांनी कामाचं सांगितलं. उपचार संपल्यावर पेशी ठेवायचा नियम नाही. एक तर नष्ट करायच्या, नाही तर घरच्यांची हरकत नसेल तर अभ्यासासाठी द्यायच्या. अभ्यासाला दिल्या की पुन्हा गोठवून ठेवतील, त्या कितीही वर्षं राहू शकतात. नष्ट करायच्या म्हणजे काय करता, हे मी विचारलं. औषध घातलं की त्या विरघळतात, एवढंच त्या म्हणाल्या. वहिनींनी उद्या सांगते म्हटलं. बाहेर आल्यावर लक्षात आलं की डबा त्यांनी आत कपाटाजवळच्या टेबलावर ठेवला होता. मी आणायला वळले तर म्हणाल्या, राहू द्या.

जासईचा रस्ता

दुपारी गुलाबबाय मीठ आणायला जासईकडे माहेरी निघाल्या होत्या. चला फिरायला, म्हणाल्या. मला तर कुठंही जायचं होतं, जिथं ऊन असेल. मिनीडोर नावाच्या सहाआसनी रिक्षात बसून निघालो. ट्रेलरांच्या रांगेतून वाट काढत ती डुगडुगत चालली होती.

मिठागर मी पहिल्यांदाच पाहत होते. आरशासारखे वाफे, कडेला मिठाचे पांढरे ढीग, पलीकडे खारफुटी. वारा पडलेला, माणूस दिसत नव्हता. आमच्याकडे शेतात कुणी नसलं तरी पाखरं असतात, गुरं असतात, काहीतरी हलत असतं. इथं पाण्यातलं आभाळसुद्धा हलत नव्हतं. गुलाबबायच्या भावानं गोणीत मीठ भरून दिलं, चहा झाला, आणि मी वळून पाहते तो वहिनी नाहीत.

त्या भावाच्या घराच्या मागेच तारेचं कुंपण होतं आणि पलीकडे कंटेनरचं आवार. एकावर एक रचलेले डबे, लाल, निळे, गंजलेले, गावातल्या कुठल्याही घरापेक्षा उंच. फाटक उघडं होतं. मी हाका मारत आत गेले. डब्यांच्या मधल्या गल्ल्यांत माझीच हाक परत येत होती. एका बाजूला पांढरे डबे होते, प्रत्येकाला जाड वायर जोडलेली, आणि ते सगळे एका सुरात घरघरत होते. तोच आवाज, सकाळचा. वहिनी त्यातल्या एका डब्याला दोन्ही हात लावून, कान टेकवून उभ्या होत्या. डोळे मिटलेले. कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून नाकापर्यंत आलं होतं.

मी त्यांचा दंड धरला. तेवढ्यात आवारातला राखणदार आला. रागावला नाही. आत काय आहे, हे वहिनींनीच त्याला विचारलं. गोठवलेली मासळी, तो म्हणाला, परदेशात जायची होती, काहीतरी अडलं म्हणून पडून आहे. मालक कुठं आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. कुणी येत नाही, पण वीज चालू ठेवायला सांगितलीय, म्हणून चालू.

कुंपणाबाहेर आल्यावर वहिनी मिठाच्या ढिगाशेजारी खाली बसल्या.

"वन्सं, मी मेल्यावर त्यांना कोण बघायला येईल?"

मी म्हटलं, मी आहे.

"तुम्ही गेल्यावर?"

मी त्यांच्याशेजारी बसले. त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, आहेत तर राहू देत. रोज नाही तरी वर्षातून एकदा येऊन हात लावून जाईन. पण आपण दोघी नसताना ते त्या वाफेत असतील. कुणाचे ते कुणाला ठाऊक नसेल. आणि ते असतीलच." एवढं बोलून त्या रडायला लागल्या. दादा गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. गुलाबबाय गोणी टाकून धावत आल्या, आणि वहिनींनी त्यांचा हात धरून सांगितलं, "बाय, ते गेले. तुळशीच्या लग्नानंतर गेले. मी खोटं बोलले."

गुलाबबायनं हात सोडवून घेतला नाही, पण त्यांचा चेहरा उतरला.  घरी आल्या आल्या परसात जाऊन त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं, सुतकाची बातमी ऐकल्यावर घेतात तसं. मग ओल्या लुगड्यानं कोनाड्यातलं ताट काढलं. सकाळी पुन्हा ताजं वाढून ठेवलं होतं त्यांनी. ते घेऊन त्या ओढ्याच्या बाजूला गेल्या आणि रिकाम्या हातानं परत आल्या. ताटही आणलं नाही. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आमी दोनदा वाढून ठेवला व्हता. कोन आला नसंल ना जेवाला?" त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. मी नाही म्हटलं, पण मला ते ठामपणे म्हणता आलं नाही.

पुन्हा हॉस्पिटल

सकाळी वहिनी कुंकू न लावता निघाल्या. डॉक्टर तेजलनी कालचा डबा धुऊन परत केला. त्यातलं काय केलं ते मी विचारलं नाही.

वहिनी खुर्चीत बसल्या आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली. या पेशी म्हाताऱ्या होतात का?

डॉक्टर म्हणाल्या, होतात. गोठवल्या नाहीत, ऊब आणि अन्न देत वाढवत राहिलं, तर किती तरी वेळा दुभंगतात आणि मग थकतात. आकारानं मोठ्या होतात, पसरट होतात, चालणं मंदावतं. शेवटी दुभंगणं थांबतं. त्यानंतर काही दिवस नुसत्या बसून असतात. त्या कशा म्हाताऱ्या होतात हे तर आम्हाला बघायचंच असतं, असंही त्या म्हणाल्या.

"मग सगळ्यांना त्या थंडीतून बाहेर काढा," वहिनी म्हणाल्या. "पुन्हा आत नका ठेवू. बावन्नाव्या वर्षी गेले ते. मला म्हणायचे, म्हातारपणी भट्टी बंद करीन आणि नुसता बसून राहीन. त्यांना म्हातारं होऊ द्या."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. सगळ्या वाढवायला जागा पुरायची नाही, पण करू, एकही मागे ठेवणार नाही, असा शब्द त्यांनी दिला. वहिनींनी सही केली. पिशवीतला सदरा त्यांनी बाहेर काढला, जरा वेळ मांडीवर ठेवला, आणि पुन्हा घडी घालून आत ठेवला. त्याच दुपारी आम्ही परतीची गाडी धरली. गुलाबबायनं रस्त्यासाठी भाकरी बांधून दिल्या. दोघींपुरत्याच.

बार्शी

घरी आल्यावर आठवडे गेले, महिने गेले. वहिनी पुन्हा शेजारणींत बसायला लागल्या, दादाची मोठी भांडी त्यांनी त्याच्या हाताखालच्या आचाऱ्याला देऊन टाकली. पनवेलचं नाव आम्ही काढत नव्हतो. तरी कधी कधी भाजी चिरता चिरता त्या मध्येच थांबायच्या आणि मला कळायचं की त्या कुठल्या उबेचा विचार करताहेत.

श्रावण लागल्यावर एका सकाळी डॉक्टर तेजलचा फोन आला. वहिनींनी फोनचा स्पीकर लावला. डॉक्टर म्हणाल्या, काकू, थांबल्या. बरेच दिवस झाले, एकही दुभंगली नाही. कशा दिसतात, वहिनींनी विचारलं. मोठ्या झाल्यात, डॉक्टर म्हणाल्या, पसरून बसल्यात, एकमेकींपासून लांब लांब. फारशा हलत नाहीत. बघायचं होतं ते सगळं बघून झालंय. आता काढून टाकू का?

वहिनींनी विचारलं, "आज खायला घातलंत?"

"हो. आत्ताच, सकाळी."

"मग उद्या करा."

त्यांनी फोन ठेवला. तो दिवस आम्ही दोघींनी, घरात कुणीतरी झोपलेलं असावं तसा, हलक्या पावलांनी काढला.